नोंद कातडीची

लंडनच्या पश्चिमेला क्यू नावाचं उपनगर आहे. ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार तिथंच. युद्धखात्याच्या दप्तरांवर तिथं 'डब्ल्यूओ' अशी खूण असते. त्यांपैकी १८८ आणि १८९ या मालिकांत विल्टशर परगण्यातल्या पोर्टन डाउन या रासायनिक युद्धसंशोधन केंद्राचा पत्रव्यवहार आणि तांत्रिक अहवाल ठेवलेले आहेत. १ सप्टेंबर २००७ रोजी 'गार्डियन' दैनिकानं या अभिलेखागारात नव्यानं हाती लागलेल्या कागदांच्या आधारे एक बातमी छापली. बातमीदार होते रॉब इव्हान्स. पोर्टनमधल्या मानवी प्रयोगांवरचं त्यांचं पुस्तक त्याआधी सात वर्षं येऊन गेलं होतं, तेव्हा हा माणूस दप्तरात नवखा नव्हता. बातमीचा गाभा असा: दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि महायुद्ध चालू असताना, मिळून दहा वर्षांहून अधिक काळ, पोर्टनहून आलेल्या शास्त्रज्ञांनी रावळपिंडीच्या लष्करी केंद्रात शेकडो हिंदी शिपायांवर मस्टर्ड वायूच्या चाचण्या केल्या.

नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला लष्कर म्हटलं की देवळाली आठवते, नाशिकरोडचा तोफखाना आठवतो. रावळपिंडी आता परक्या देशात आहे. पण १९४७ पूर्वी ती उत्तर हिंदुस्थानातल्या सगळ्यांत मोठ्या छावण्यांपैकी एक होती, आणि तिथं जे घडलं ते हिंदी लष्करात घडलं. आपल्या जिल्ह्यांतून ज्या लष्करात पोरं भरती होत होती, तेच हे लष्कर. म्हणून ही कागदपत्रं मराठीत नीट वाचायला हवीत.

कागद काय सांगतात ते आधी पाहू. शिपायांना वायू भरलेल्या बंद खोलीत पाठवलं जाई. डोळ्यांवरचा परिणाम पाहायच्या एका चाचणीत काहींच्या अंगावर ड्रिलची अर्धी चड्डी आणि उघड्या गळ्याचा सुती खाकी सदरा एवढंच होतं. त्यानंतर काही जण आठवडाभर इस्पितळात होते. एका हिंदी शिपायाचा मुखवटा चाचणी चालू असताना सरकला आणि त्याचा चेहरा व डोळे भाजले. १९४२ च्या एका अहवालात शास्त्रज्ञ स्वतःच लिहितात, की हिंदी आणि ब्रिटिश अशा दोन्ही प्रकारच्या 'प्रयोगार्थीं'मध्ये भाजण्याचे प्रकार मोठ्या संख्येनं झाले आहेत आणि त्यांतले काही इस्पितळात दाखल करण्याइतके गंभीर आहेत. जबर भाजलेले रुग्ण फार खिन्न आणि हवालदिल होतात, त्यांचा त्रास स्वतः भोगल्याशिवाय कळायचा नाही, असंही त्यांनी नोंदवलं आहे. भाजण्याच्या जागांत जननेंद्रियांचाही उल्लेख आहे.

रुग्णांच्या त्रासाबद्दलचं ते वाक्य लिहिणारा माणूस निर्दय नव्हता, असं मला वाटतं. किंबहुना म्हणूनच ते वाक्य अंगावर येतं. त्याला त्रास दिसत होता, तो शब्दांत मांडता येत होता, आणि चाचण्या चालूच होत्या.

चाचण्यांचे हेतू दोन. एक, रणांगणावर शत्रूचा सैनिक निकामी करायला किती वायू लागतो ते मोजणं. जपानशी लढाई जुंपल्यावर या प्रश्नाला धार आली. दुसरा हेतू असा, की गोऱ्या कातडीपेक्षा हिंदी कातडीला मस्टर्ड वायूनं अधिक इजा होते का, हे ठरवणं.

या दुसऱ्या हेतूकडे वळण्याआधी ही वस्तू काय आहे ते सांगायला हवं. मस्टर्ड 'वायू' हा मुळात वायू नाहीच. साध्या तापमानाला ते तेलकट द्रव असतं, साधारण १४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठतं आणि उकळायला २१७ अंश लागतात. गंधक, क्लोरिन, कार्बन आणि हायड्रोजन एवढाच त्याचा मसाला. अशुद्ध मालाला लसणासारखा किंवा मोहरीसारखा वास येतो, त्यावरून नाव पडलं. १८६० मध्ये फ्रेडरिक गथ्री या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं ते तयार केलं, तेव्हा त्याच्या वाफेनं बोटांच्या बेचक्यांतली आणि डोळ्यांभोवतीची पातळ कातडी खराब होते, आणि द्रव लागल्यास फोड येतो, असं त्यानं लिहून ठेवलं. या पदार्थानं होणाऱ्या त्वचेच्या इजेची ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. ती शास्त्रज्ञानं स्वतःच्या कातडीवरून केली होती. रावळपिंडीच्या नोंदी दुसऱ्याच्या कातडीवरून झाल्या.

१८८६ मध्ये जर्मनीत व्हिक्टर मायरनं हा पदार्थ शुद्ध रूपात काढायची रीत बसवली. त्या रीतीत आधी थायोडायग्लायकॉल बनतं. हे रसायन पुढं कापडछपाईत रंग विरघळवायला वापरात आलं. आज त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नजर असते. विणकरांच्या येवल्यात वाचणाऱ्याला यात नवल वाटू नये: रंगांचे कारखाने आणि विषारी वायूंचे कारखाने जर्मनीत पहिल्यापासून एकाच छपराखाली होते. १९१७ च्या जुलैत बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मनांनी मस्टर्डचे तोफगोळे पहिल्यांदा डागले. गोळ्यांवर पिवळी फुली असे. हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हललेलं होतं, त्यामुळे त्याच ईप्रला एप्रिल १९१५ मध्ये लाहोर डिव्हिजननं जो वायू छातीत घेतला, तो क्लोरिन होता. तो फुप्फुसं जाळतो. मस्टर्डची करणी वेगळी आहे, आणि तिच्यामुळेच पुढची तीस वर्षं सगळ्या लष्करांचं लक्ष कातडीकडे वळलं.

ती करणी अशी. अंगावर थेंब पडतो तेव्हा काहीच होत नाही. दुखत नाही, चुरचुरत नाही. माणूस आपलं काम करत राहतो. पण त्या पहिल्या काही मिनिटांतच जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पडलेल्या द्रवातला बराचसा भाग उडून जातो, उरलेला कातडीत मुरतो, आणि शरीरातल्या पाण्याशी गाठ पडताच त्याचं अशा रूपात परिवर्तन होतं की ते पेशींतल्या डीएनएला जाऊन चिकटतं. चिकटलं की धुऊन निघत नाही. दोन तासांनी, कधी दहा-बारा तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी कातडी उन्हानं भाजल्यासारखी लाल होते आणि खाज सुटते. मग बारीक फोड, ते एकमेकांत मिसळून पिवळसर पाण्याचे मोठे फोड. वरच्या त्वचेचा सर्वांत खालचा पेशींचा थर मरतो आणि वरची त्वचा खालच्या त्वचेपासून सुटते. फोडांतलं पाणी मात्र विषारी नसतं; त्या काळातल्या अनेक शुश्रूषकांना ती भीती होती, ती निराधार होती.

इजा सगळीकडे सारखी होत नाही. काख, जांघ, जननेंद्रिय, मान, कोपराची आणि गुडघ्याची आतली बाजू, पापण्या, म्हणजे जिथं कातडी पातळ आणि घामेजलेली असते तिथं ती सर्वांत वाईट. उष्ण हवेत द्रव लवकर उडतो, वाफ दाट होते, घामानं कातडी ओली असते. इंग्लंडच्या थंडीत काढलेले आकडे पंजाबच्या किंवा ब्रह्मदेशाच्या हवेत चालणार नव्हते, हे शास्त्रीय दृष्ट्या खरंच होतं. अहवालांतला जननेंद्रियांचा उल्लेख आणि अर्ध्या चड्डीचा उल्लेख शेजारी ठेवले, की त्या खोलीतून बाहेर आलेल्या शिपायाचे पुढचे दिवस कसे गेले असतील ते वैद्यकाच्या आधारे सांगता येतं. पहिल्या रात्री तो झोपला असेल तर पहाटे खाजेनं उठला असेल. तिसऱ्या दिवशी त्याला पाय जवळ घेऊन चालता आलं नसेल. हे माझं अनुमान आहे, दप्तरातलं वाक्य नव्हे. पण मस्टर्डनं जगात कुठंही वेगळं काही केलेलं नाही.

आता रावळपिंडीच का? उत्तराची सुरुवात सरहद्दीपासून होते. पहिलं महायुद्ध संपताच वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांविरुद्ध वायू वापरावा का, यावर लंडन आणि दिल्ली-सिमल्यात खल सुरू झाला. १२ मे १९१९ च्या टिपणात युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल वायूच्या बाजूनं उभे होते. त्यांचा रोख मुख्यतः डोळ्यांना पाणी आणणाऱ्या वायूवर होता, हे न्यायानं सांगायला हवं. लंडनहून हिंदुस्थानचा कारभार पाहणारं इंडिया ऑफिस कुरकुरत होतं. पश्चिम आघाडीवर विषारी वायू सोडणाऱ्या ब्रिटिश तुकड्यांचे प्रमुख राहिलेले चार्ल्स फोक्स हिंदुस्थानात येऊन वायूची तरफदारी करून गेले. पुढं १७ जून १९२५ चा जिनिव्हा करार झाला. ब्रिटन आणि हिंदुस्थान दोघांनीही ९ एप्रिल १९३० रोजी त्याला मान्यता दिली. करारानं वायूचा वापर निषिद्ध ठरवला. बनवणं, साठवणं आणि माणसांवर चाचण्या घेणं याबद्दल करारात अवाक्षर नव्हतं. रावळपिंडीच्या चाचण्या मुख्यतः या मान्यतेनंतरच्या आहेत, आणि कराराच्या शब्दाला धरून पाहिलं तर त्या कायदेशीर होत्या.

'हिंदी कातडी' हा प्रश्न मात्र रसायनशास्त्रानं विचारलेला नव्हता. अमेरिकनांनी पहिल्या महायुद्धातच गोरे आणि काळे सैनिक शेजारी बसवून मस्टर्डचे थेंब लावून पाहिले होते. पोर्टनवाल्यांनी तोच प्रश्न हिंदुस्थानात आणला. आणि इथं त्याला तयार जमीन मिळाली, कारण हिंदी लष्कर आधीपासूनच माणसाला जातीनं आणि वंशानं मोजत होतं. अमुक जात लढाऊ, तमुक नाही, हे भरतीच्या पुस्तकांतून छापलेलं असे. याच हिशेबानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली होती. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा पलटण उभारली, १९२१ मध्ये मोडली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आमच्या येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या रीतीला त्या दिवशी जाहीर नकार मिळाला. बेळगावला महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. येवल्याच्या सभेच्या त्याच दशकात रावळपिंडीत माणसाची वर्गवारी कातडीपर्यंत पोहोचली होती. दोन्ही गोष्टींत थेट दुवा आहे असं मी म्हणत नाही. एकाच काळातल्या त्या आहेत, एवढं मला महत्त्वाचं वाटतं.

संमतीचं काय? पोर्टनच्या ब्रिटिश माजी सैनिकांचे खटले चालवणारे वकील ॲलन केअर यांनी २००७ मध्ये म्हटलं, की या हिंदी शिपायांनी अर्थपूर्ण अशी संमती दिली असेल यावर आपला विश्वास बसत नाही. ब्रिटिश बाजूचं नेहमीचं उत्तर असं, की तो काळ वेगळा होता, युद्धाचा होता, आजच्या मापानं तो मोजू नये. ठीक आहे, त्याच काळाच्या मापानं मोजू. गोऱ्या अधिकाऱ्याच्या हुकमाखालचा, निरक्षर असण्याचीच शक्यता जास्त असलेला शिपाई. ज्या पदार्थाची इजा तासन् तास कळत नाही असा पदार्थ. आणि तो पदार्थ पुढं कर्करोग करू शकतो याची कल्पना शास्त्रज्ञांनाही नीटशी नाही. अशा वेळी 'हो' म्हणण्याला १९३५ मध्येही फारसा अर्थ नव्हता.

उपचार तेव्हा काय होते? प्रतिविष नव्हतं, आजही नाही. पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत द्रव टिपून घेणं, त्यावर ब्लिचिंग पावडर किंवा क्लोरामाइन असलेलं मलम चोळणं, साबणपाण्यानं धुणं, कपडे काढून टाकणं, एवढंच हातात. ब्रिटिश सैनिकाच्या वायुविरोधी सामानात मलमाची डबी असे. वेळ टळली की मग भाजलेल्याची शुश्रूषा: मिठाच्या पाण्यानं धुणं, व्हॅसलीनची जाळी, जंतुसंसर्ग होऊ न देणं. टॅनिक आम्ल लावून जखम टणक करायची पद्धत महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांतच मागे पडत गेली. एका युद्धवायूवर मात्र खरा उतारा सापडला. आर्सेनिक असलेला लेविसाइट हाही कातडीवर फोड आणतो. १९४० च्या सुमारास ऑक्सफर्डला रुडॉल्फ पीटर्स, स्टॉकन आणि थॉम्पसन यांनी त्यावर बाल हे औषध शोधलं, डायमरकॅप्रॉल. लेविसाइट युद्धात फारसा वापरलाच गेला नाही. औषध मात्र आर्सेनिक आणि पाऱ्याच्या विषबाधेसाठी इस्पितळांत राहिलं.

मराठा पलटणींच्या वाटेत मस्टर्ड आलं ते इटलीत, आणि तेही मित्रराष्ट्रांचंच. १९४३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आठवी हिंदी डिव्हिजन एड्रियाटिक किनाऱ्यालगत सांग्रो नदीच्या आघाडीवर लढत होती. तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती, तीच जिच्यातल्या नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधव यांना पुढं १९४५ मध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही डिव्हिजन ज्या आठव्या आर्मीत होती, तिची रसद दक्षिणेकडच्या बारी बंदरातून येई. २ डिसेंबरच्या रात्री जर्मन विमानांनी बारीवर हल्ला चढवला आणि १७ जहाजं बुडवली. त्यांत 'जॉन हार्वे' हे अमेरिकन जहाज होतं. त्याच्या पोटात सुमारे २,००० मस्टर्ड बाँब होते. जर्मनांनी वायू वापरला तर उलट वापरायला आणलेले. जहाजावरच्या ज्यांना ते ठाऊक होतं ते सगळे मेले.

बंदराचं पाणी तेलानं माखलं, त्या तेलात मस्टर्ड मिसळलं. पाण्यातून काढलेल्या खलाशांना तेलकट कपड्यांसह ब्लँकेटात गुंडाळून इस्पितळात बसवून ठेवलं, कारण ते धक्क्यानं थरथरत होते आणि त्यांना ऊब हवी होती. त्वचेच्या दृष्टीनं याहून वाईट काही करता आलं नसतं. डॉक्टरांचा दोष नव्हता. त्यांना कुणी सांगितलंच नाही. वॉर्डांत लसणाचा वास येत होता. सकाळी डोळे सुजून मिटले, अंगावर फोड उठले, आणि किरकोळ वाटणारी माणसं एकाएकी मरू लागली.

मित्रसैन्याचे सरसेनापती आयझेनहॉवर यांच्या मुख्यालयातून रासायनिक युद्धाचे वैद्यकीय सल्लागार लेफ्टनंट कर्नल स्ट्युअर्ट अलेक्झांडर यांना पाठवलं गेलं. साधार इतिहास लिहिणाऱ्यानं त्यांची पद्धत शिकून घ्यावी. बंदराचे ब्रिटिश अधिकारी 'मस्टर्ड नव्हतं' यावर ठाम. अलेक्झांडर यांनी मग कातडीच वाचायला घेतली. भाजलेल्या जागा आगीनं भाजल्यासारख्या नव्हत्या. पूर्ण भिजलेल्यांचं सगळं अंग, नुसते बसलेल्यांचं बूड, आणि ज्यांनी अंगावरचं तेल पुसलं त्यांना इजा कमी. मग त्यांनी बंदराचा नकाशा घेतला, कोणतं जहाज कुठं होतं ते मांडलं आणि मृत्यू त्यावर टिपले. सगळे मृत्यू 'जॉन हार्वे'भोवती गोळा झाले. तळातून बाँबचा तुकडा वर आला आणि गोष्ट पक्की झाली. त्यांच्या हिशेबानं मस्टर्डबाधित लष्करी आणि खलाशी रुग्ण सहाशेहून अधिक, त्यांतले मृत ८३. शहरातल्या नागरिकांचा हिशेब त्यात धरलेलाच नव्हता.

अमेरिकनांनी अहवाल मानला. आता पंतप्रधान असलेल्या चर्चिल यांनी मानला नाही. लक्षणं मस्टर्डची वाटत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ब्रिटिश कागदांत इजेचं कारण 'शत्रूच्या कारवाईमुळे भाजणं' असं नोंदवायचा हुकूम निघाला. अलेक्झांडर यांनी आपलं निदान बदललं नाही. अहवाल मात्र गुप्ततेच्या शिक्क्याखाली गेला. ब्रिटिश दप्तर वाचून बारीचा इतिहास लिहिणाऱ्याला तिथं फक्त आग सापडली असती. त्या रुग्णांच्या कातडीवर मस्टर्ड होतं आणि केसपेपरवर नव्हतं.

बारीच्या रुग्णांचं रक्त तपासताना पांढऱ्या पेशी झपाट्यानं उतरलेल्या दिसल्या, आणि त्यातून कर्करोगाची केमोथेरपी जन्मली, अशी गोष्ट नेहमी सांगतात. ती पूर्ण खरी नाही. येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी १९४२ मध्येच नायट्रोजन मस्टर्ड पहिल्या रुग्णाला दिलं होतं. युद्धगुपित म्हणून ते १९४६ पर्यंत छापलं गेलं नाही. बारीनं त्या दिशेला दुजोरा दिला, एवढंच. पण पुढची परंपरा खरी आहे. क्लोरॅम्ब्युसिल, मेल्फॅलन, सायक्लोफॉस्फमाइड ही सगळी मस्टर्डच्याच कुळातली औषधं. परळच्या टाटा हॉस्पिटलात आपलं माणूस नेलेल्या कितीतरी मराठी घरांनी यांतलं एखादं नाव चिठ्ठीवर वाचलेलं असतं. त्वचेच्या एका प्रकारच्या लिम्फोमावर तर नायट्रोजन मस्टर्ड थेट कातडीवरच लावतात, अर्थात मोजून.

रावळपिंडीच्या शिपायांचं पुढं काय झालं? ब्रिटिश लष्करानं त्यांची नंतर तपासणी केली नाही, हे २००७ च्या बातमीतलं सर्वांत जड वाक्य. प्रसिद्ध झालेल्या मजकुरात एकाही हिंदी शिपायाचं नाव नाही. मस्टर्ड हे माणसात कर्करोग करणारं द्रव्य आहे, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा ठाम निर्वाळा आहे. जपानमध्ये ओकुनोशिमा बेटावर १९२९ ते १९४५ वायूचा कारखाना होता. त्यातल्या कामगारांवर हिरोशिमा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी नंतर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि फुप्फुसाचा कर्करोग, तसंच बोवेन रोग हा त्वचेचा कर्करोगपूर्व विकार त्यांच्यात जास्त आढळला. अमेरिकेत सुमारे ६०,००० सैनिकांवर चाचण्या झाल्याचं १९९३ च्या अधिकृत वैद्यकीय समितीनं मांडलं, आणि त्वचेचा कर्करोग व न भरणारे व्रण यांच्याशी संबंध मान्य केला. तिथंही काळे, पोर्तोरिकन आणि जपानी वंशाचे सैनिक कातडीच्या तुलनेसाठी निवडले गेले होते, हे अमेरिकन सार्वजनिक रेडिओनं २०१५ मध्ये उघड केलं, तेव्हा त्यांतले काही जण जिवंत होते, नावानिशी बोलले. ब्रिटनमध्ये पोर्टनच्या ३६० माजी सैनिकांना २००८ मध्ये ३० लाख पौंडांची तडजोड मिळाली. पोर्टनला गेलेल्या अठरा हजारांहून अधिक सैनिकांच्या आरोग्याचा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. तो इंग्लंडातल्या पोर्टनचा होता. रावळपिंडी त्यात नाही.

दोष फक्त इंग्रजांच्या दप्तराला द्यायचा असेल तर लेख इथं थांबवता आला असता. पण आपलं दप्तरही पाहू. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी रासायनिक अस्त्रं बनवणार नाही, मिळवणार नाही, वापरणार नाही असं संयुक्त निवेदन केलं. जून १९९७ मध्ये, रासायनिक अस्त्रबंदीचा करार लागू झाल्यावर, भारतानं आपल्याकडे सुमारे १,०४४ टन सल्फर मस्टर्ड असल्याचं जाहीर केलं. रावळपिंडीत हिंदी कातडीवर मोजला गेलेला तोच पदार्थ स्वतंत्र भारतानं टनांनी साठवला होता, आणि देशाला ते पन्नास वर्षांनी कळलं. पुढचं वर्तन मात्र चोख: सगळा साठा २००९ पर्यंत आंतरराष्ट्रीय निरीक्षकांसमोर नष्ट झाला. असं पुरं करणारा भारत अल्बेनिया आणि दक्षिण कोरियानंतर तिसरा देश.

आजचा उपचार १९४२ पेक्षा किती पुढं गेला? धुण्याच्या बाबतीत थोडा. कातडीवरचं मस्टर्ड शोषून घ्यायला अनेक सैन्यं फुलर्स अर्थ वापरतात, म्हणजे आपली मुलतानी माती. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेनं सीसी-२ नावाचं निर्विषीकरण द्रव्य तयार केलं आहे. पुण्याजवळ दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात याचं प्रशिक्षण दिलं जातं. फोड आल्यानंतरचं शास्त्र इराणी डॉक्टरांनी पुढं नेलं, कारण १९८० ते १९८८ च्या युद्धात इराकनं त्यांच्या हजारो माणसांवर मस्टर्ड टाकलं. आगीनं भाजलेल्याला जेवढं सलाइन लागतं तेवढं इथं लागत नाही, जास्त दिलं तर अपाय होतो. जखम भरायला आगीच्या जखमेहून बराच जास्त वेळ लागतो, कधी महिने. मेलेला थर खरवडून काढला किंवा त्वचारोपण केलं तर लवकर भरते. काळे-पांढरे चट्टे उरतात. आणि खाज, ती वीस वर्षांनीही जात नाही.

ही शेवटची गोष्ट एवढ्यासाठी सांगितली, की घराघरांत आठवण असेल तर ती अशाच रूपात असेल. 'आजोबा रावळपिंडीला होते, त्यांना आयुष्यभर जांघेत खाज होती, कातडीवर चट्टे होते, ते कधी काही बोलले नाहीत.' येवला, निफाड, सिन्नर, नांदगाव, नगर, सातारा, कुठल्याही तालुक्यात १९३० ते १९४५ दरम्यान हिंदी लष्करात असलेल्या माणसाची पेटी माळ्यावर पडून असेल. तिच्यात डिस्चार्ज बुक असतं, पेन्शनचे कागद असतात, कधी इस्पितळाची चिठ्ठी असते. ठाणी, तारखा, इस्पितळातले दिवस पाहा. शीट रोलची, म्हणजे शिपायाच्या सेवानोंदीची, चौकशी पलटणीच्या अभिलेख कार्यालयात करता येते: तोफखान्याचं नाशिकरोड कॅम्पात आहे, मराठ्यांचं बेळगावला, महारांचं सागरला, नक्की कुठं अर्ज करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय सांगेल. चाचण्यांचे आकडे क्यूच्या दप्तरात आहेत. नावं असलीच तर ती या पेट्यांत आहेत. दिवाळीची आवराआवर करताना त्या रद्दीत घालू नका.